सांडपाण्याचं तळं सांभाळायला घेताना

छोट्या वस्तीच्या सांडपाण्याचं तळं ज्याच्याकडे नव्याने येतं, त्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं, "तिथं काही करायचं नसतं, तळं आपलं आपण काम करतं." हे अर्धं खरं आहे. या तळ्याला बहुतेक ठिकाणी ना यंत्र लागतं, ना रसायन, ना वीज. पण ते बिघडतं हळूहळू, आणि नाकाला कळेपर्यंत बिघाड बराच पुढे गेलेला असतो. वळणावर आणायलाही मग तितकेच दिवस लागतात. म्हणून तुमचं खरं काम बघण्याचं आहे. रोज ठरल्या वेळी ठरलेल्या गोष्टी बघायच्या आणि लिहून ठेवायच्या. काय बघायचं आणि दिसलं तर काय करायचं, तेवढंच पुढे सांगतो.

आधी, आत काय चाललंय ते समजून घ्या

सांडपाण्यातला मैला जिवाणू खातात. खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांना शेवाळ पुरवतं. शेवाळाला वाढायला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो जिवाणूंच्या श्वासातून मिळतो. या देवाणघेवाणीवर तळं चालतं आणि तिला ऊर्जा मिळते उन्हातून. 1950च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम ओस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा व्यवहार नीट मोजून मांडला. त्यानंतर तळी अंदाजाने खणण्याऐवजी हिशेबाने बांधता येऊ लागली.

इथे शेवाळ म्हणजे दगडावर चढतं ते बुळबुळीत शेवाळ नव्हे. हे सुटे, एकेकटे डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव असतात आणि ते पाण्यात विखुरलेले असतात. काचेच्या बाटलीत पाणी घेऊन उजेडाकडे धरलंत तर पाण्यातच हिरवा रंग कालवल्यासारखा दिसतो. हाच रंग तुम्हाला रोज वाचायचा आहे.

रात्री ऊन नसतं, त्यामुळे शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट स्वतःच वापरतं. म्हणून पहाटे तळ्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि दुपारी सगळ्यात जास्त. 20 अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून साधारण 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. चांगल्या तळ्यात भर दुपारी वरच्या थरात त्याच्या दुप्पटही सापडतो. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 9च्या वर जातो. चढलेला पीएच, भरपूर ऑक्सिजन आणि ऊन हे तिन्ही एकत्र आले की रोगजंतू मरतात. पाण्यात क्लोरीन न घालता ते सुरक्षित होण्यामागचं कारण हेच आहे.

तळाशी मात्र ऑक्सिजन पोचत नाही. तिथे बसलेला गाळ हवेशिवाय कुजतो आणि त्यातून मिथेनचे बुडबुडे वर येतात. शांत सकाळी पाण्यावर तुरळक बुडबुडे फुटताना दिसले तर काळजी करू नका. गाळ पचतो आहे.

वर ऑक्सिजन आणि खाली नाही, अशा दोन थरांच्या तळ्याला फॅकल्टेटिव्ह तळं म्हणतात. खोली साधारण दीड मीटर. छोट्या वस्तीत मुख्य तळं हेच असतं. काही ठिकाणी त्याच्या आधी 2 ते 5 मीटर खोल अनएरोबिक तळं असतं. तिथे ऑक्सिजन नसतोच, जड मैला बसतो आणि कुजतो. फॅकल्टेटिव्हच्या पुढे एक-दोन उथळ तळी असतात, त्यांना मॅच्युरेशन तळी म्हणतात. त्यांचं मुख्य काम रोगजंतू मारणं.

पहिली पायरी: पाण्यासोबत चाला

पहिल्या दिवशी हातात वही घ्या आणि शेवटच्या मॅनहोलपासून पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत चालत जा. पाणी कुठून आत येतं, जाळी कुठे आहे, कोणत्या तळ्यातून कोणत्या तळ्यात जातं, झडपा कुठे आहेत, कोणती झडप कितपत फिरते, बाहेर पडणारं पाणी नाल्यात जातं की शेतात, हे सगळं कागदावर स्वतःच्या हाताने काढा. छापील नकाशा असला तरी काढा. झडपा बदललेल्या असतात, पाइप बुजलेले असतात, आणि नकाशा बांधकामाच्या वेळचा असतो.

पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा एकमेकींच्या जवळ, एकाच काठाला असेल तर ते ठळकपणे लिहून ठेवा. अशा तळ्यात आलेलं पाणी सरळ वाटेने निसटतं आणि उरलेलं तळं नुसतं भरलेलं राहतं. कागदावर पाण्याचा, समजा, 27 दिवस मुक्काम दिसतो, प्रत्यक्षात काही पाणी दोन दिवसांत बाहेर पडतं. उपाय म्हणजे मध्ये आडपडदा उभारून पाण्याला वळसा घालायला लावणं, किंवा बाहेरचा पाइप लांबच्या कोपऱ्यात नेणं. नवीन तळं बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

दुसरी पायरी: आपल्या तळ्याचे चार आकडे काढा

लोकसंख्या, दिवसाचं पाणी, तळ्याचं क्षेत्रफळ आणि खोली. या चारांशिवाय तळ्यावर भार जास्त पडतोय की नाही हे सांगता येत नाही.

एक उदाहरण सोडवू. वस्ती 1000 माणसांची. माणशी दिवसाला 100 लिटर सांडपाणी धरलं तर दिवसाला 100 घनमीटर. मैल्याचं मोजमाप बीओडीने करतात, म्हणजे तो कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याने. माणशी दिवसाला 45 ग्रॅम धरा, एकूण 45 किलो. फॅकल्टेटिव्ह तळं दर हेक्टरी किती बीओडी पेलेल हे तापमानावर ठरतं. सगळ्यात थंड महिन्यातलं सरासरी तापमान 20 अंश असेल तर दिवसाला हेक्टरी साधारण 250 किलो, 10 अंश असेल तर फक्त 100. म्हणजे 20 अंशांना आपल्याला 0.18 हेक्टर, 1800 चौरस मीटरचं तळं लागेल. दीड मीटर खोलीने त्यात 2700 घनमीटर पाणी मावतं, आणि पाणी आत सरासरी 27 दिवस राहतं. तेच 10 अंशांना 4500 चौरस मीटर आणि 67 दिवस. माणसं तेवढीच, मैला तेवढाच, पण थंडीने जागा अडीच पट वाढवली. दुसऱ्या वस्तीचं तळं बघून आपलं मोठं की लहान ते ठरवू नका, ते यासाठीच.

आता याच हिशेबातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 27 दिवसांच्या तळ्यापुढे 5-5 दिवसांची दोन मॅच्युरेशन तळी जोडली तर एकूण मुक्काम 37 दिवस होतो. आत येणाऱ्या 100 मिलिलिटर पाण्यात मैल्यातले 1 कोटी कोलिफॉर्म जिवाणू असतील, तर 20 अंशांना नेहमीच्या सूत्राने शेवटी साधारण 700 उरतात. तेच 37 दिवस एकाच मोठ्या तळ्यात काढले तर उरतात जवळपास 1 लाख. पाणी तितकंच, दिवस तितकेच, फरक फक्त तळी एकामागे एक असण्याचा. मोठ्या तळ्यात आज आलेलं पाणी जुन्यात मिसळतं आणि त्यातलं थोडं लगेच बाहेर जातं. ओळीने तळी असली की ते पुढच्या तळ्यात पुन्हा अडकतं. म्हणून "मधली झडप उघडून सगळं एकच करून टाकू, सोपं पडेल" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, आणि हे दोन आकडे दाखवा.

दिवसाचं पाणी मोजायला मीटर नसेल तर 10 लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. दिवसाला 100 घनमीटर म्हणजे सेकंदाला सव्वा लिटरच्या आत-बाहेर, त्यामुळे बादली सरासरी साडेआठ सेकंदांत भरायला हवी. सकाळी ती तीन-चार सेकंदांतच भरेल, मध्यरात्री भरायला बराच वेळ लागेल. एखाद्या दिवशी दर दोन तासांनी मोजून सरासरी काढा. मग जोराच्या पावसाच्या दिवशी हेच पुन्हा करा. आकडा दुप्पट-तिप्पट झाला तर पावसाचं पाणी कुठून तरी गटारात शिरतंय: उघडी मॅनहोलं, फुटके पाइप, छपराचं पाणी गटाराला जोडलेलं. ते शोधून बंद केलं तर तळ्याला दिवस परत मिळतात.

तिसरी पायरी: स्वतःला सांभाळा

तळ्याच्या काठावर एकट्याने काम करू नका. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. अस्तरावर दोरी किंवा दोरशिडी कायमची बांधलेली असावी, आणि काठावर तरंगणारी रिंग टांगलेली असावी. कुंपण आणि धोक्याची पाटी मुलांसाठी आहे. लांबून तळं शांत हिरवं दिसतं आणि मुलं तिकडे ओढली जातात.

मॅनहोलमध्ये किंवा पंपाच्या खड्ड्यात कधीही नुसतं उतरू नका. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की तो नाकच बधिर करतो आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं समजून उतरलेली माणसं वर आलेली नाहीत, आणि त्यांना वाचवायला मागून उतरलेलीही नाहीत. गॅस मोजण्याचं यंत्र, हवा खेळती करायची सोय, कमरेला पट्टा आणि वर धरायला माणसं यांतलं एक जरी कमी असेल तरी काम दुसऱ्या दिवशी करा.

हातमोजे, गमबूट, काम झाल्यावर साबणाने हात धुणं, जखम असेल तर झाकणं, तळ्यावर काही न खाणं. धनुर्वात आणि कावीळ यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

चौथी पायरी: रोजची फेरी

दिवसातून एकदाच जमत असेल तर सकाळी लवकर जा. त्या वेळी ऑक्सिजन कमीत कमी असतो, आणि तळं अडचणीत असेल तर ती सकाळीच दिसते. दुपारी आजारी तळंही बरं दिसतं. आठवड्यातून एकदा मात्र सकाळ आणि दुपार दोन्ही बघा.

सुरुवात जाळीपासून करा. अडकलेलं रोज काढायचं, निथळू द्यायचं आणि पुरायचं. काठावर ढीग ठेवला तर माश्या होतात. ओले पुसणी-कागद, प्लास्टिक, चिंध्या कुजत नाहीत. जाळीतून निसटले तर पाइपात गुंता करतात किंवा तळ्यात वर्षानुवर्षं पडून राहतात.

मग पाण्याचा रंग. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी बघा.

झळझळीत, भरगच्च हिरवा म्हणजे तळं छान चाललंय. हिरवा मंद होऊन पिवळटपणाकडे झुकला तर पीएच आणि ऑक्सिजन उतरायला लागलेत. कारण शोधायची हीच वेळ. राखाडी किंवा काळा म्हणजे ऑक्सिजन संपला. तपकिरी दिसलं तर आधी बांधाकडे बघा, बहुधा माती धुपून पाण्यात येत असते. काही वेळा ती तपकिरी शेवाळंही असतात.

गुलाबी-जांभळ्या रंगावर नवे लोक फसतात. हे गंधकावर जगणारे जांभळे जिवाणू असतात. ते हायड्रोजन सल्फाइड वापरून टाकतात, म्हणून पाणी गुलाबी असूनही वास फारसा येत नाही, आणि कोणी तक्रार करत नाही. पण फॅकल्टेटिव्ह तळ्यात ते दिसले याचा अर्थ तळ्याला पेलत नाही इतका मैला येतोय. वास नाही म्हणून सोडून देऊ नका.

कधी पाणी एकाएकी नितळ होतं. सगळ्यांना आनंद होतो, तुम्ही मात्र बाटलीत पाणी घेऊन बघा. टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके झटके देत पोहताना दिसतील. ते डॅफ्निया, पाण्यातले इवले कवचधारी जीव. त्यांनी शेवाळ खाऊन टाकलंय. पाणी स्वच्छ दिसतं, पण ऑक्सिजन बनवणारंच उरलेलं नसतं. बहुधा काही दिवसांत त्यांची संख्या आपोआप घटते आणि हिरवं परत येतं. तोवर पहाटेचा ऑक्सिजन रोज मोजा.

रंगानंतर तवंग. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फॅकल्टेटिव्ह आणि मॅच्युरेशन तळ्यांवरचा तवंग काढायचा, अनएरोबिक तळ्यावरचा ठेवायचा. पहिल्या दोघांना ऊन हवं असतं आणि तवंग ते अडवतो. अनएरोबिक तळ्याला ऊन नकोच असतं. तिथे तवंगाची जाड साय पाण्याची ऊब धरते आणि वास दाबते. त्या सायीवर माश्या झाल्या तर तळ्याच्याच शेवटच्या टप्प्यातलं पाणी फवारा. उत्साहाने ती साय उपसून टाकलेली आणि मग आठवडाभर वास सोसलेली वस्ती मी पाहिली आहे.

टिकलीएवढ्या हिरव्या पानांचं तरंगतं डकवीडही असंच ऊन अडवतं. वारा ते एका काठाला गोळा करतो. त्याच वेळी तरंगत्या दोरीने ओढून जाळीने काढा आणि बांधापासून दूर टाका, नाहीतर कुजून रस परत तळ्यातच येतो.

शेवटी पाण्याची पातळी. काठावर आकडे रंगवलेली पट्टी रोवून ठेवा आणि रोज वाचा. कारण नसताना पातळी उतरत असेल तर एक साधी परीक्षा आहे. बादली पाण्याने भरून काठाशी उथळ पाण्यात पक्की ठेवा, आतल्या आणि बाहेरच्या पाण्यावर खूण करा, आणि शक्य असेल तर दोन दिवस पाणी आत-बाहेर जाणं बंद ठेवा. बादलीतलं पाणी फक्त वाफेने कमी होईल, तळ्यातलं वाफेने आणि पाझराने. दोन्हींतला फरक म्हणजे पाझर. तो जास्त असेल तर आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून घ्या आणि वरच्यांना लेखी कळवा.

पाचवी पायरी: बांध

बांधाचा आतला उतार साधारण एकास तीन, म्हणजे मीटरभर उंचीला तीन मीटर आडवा, असतो, आणि पाण्याच्या वर निदान अर्धा ते एक मीटर बांध मोकळा ठेवतात. वाऱ्याने उठलेल्या लाटा काठ खातात, म्हणून पाण्याच्या रेषेवर दगड किंवा काँक्रीट हवं. बांधावर गवत असावं, आखूड कापलेलं. झाडं नकोत, झुडपंही नकोत. मुळं बांधात वाट करतात, झाड मेलं की मूळ कुजून पोकळी राहते आणि पाणी तिथून निघतं. घुशींची बिळं दिसली की लगेच बुजवून माती चोपा. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी कोरड्या दिवसांत ओल किंवा हिरवळीचा पट्टा दिसला तर तो पाझर आहे.

काठाला पाणकणीस उगवू देऊ नका. पाणी उथळ असलं की ते रुजतं, मग गाळ धरतं आणि त्याच्या आडोशाला डास अंडी घालतात. कोवळं असतानाच मुळासकट उपटा. तळं जवळपास मीटरभर भरलेलं ठेवलं तर नवीन फारसं रुजत नाही.

सहावी पायरी: वास आला तर

घाबरून पावडरी विकत घेऊ नका. "जिवाणूंची पुडी टाका, वास जाईल" असं सांगणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: सांडपाण्यात जिवाणूंची कमतरता कधीच नसते, कमी पडलेला असतो ऑक्सिजन. पैसे त्यावर घालवू नका.

आधी कारण शोधा. सर्वांत वारंवार सापडणारं कारण म्हणजे सेप्टिक टाकी उपसणारा टँकर. टाकीतला मैला साध्या सांडपाण्याहून कितीतरी पट दाट असतो, आणि छोट्या तळ्यात एक टँकर ओतला तर कित्येक दिवसांचा भार एका दुपारी पडतो. मॅनहोलभोवती चाकांच्या खुणा, झाकण नीट न बसलेलं, रंग एका दिवसात बदललेला, असं दिसलं की चौकशी करा आणि झाकणाला कुलूप लावा. दुसरं कारण, नवीन सुरू झालेला एखादा धंदा: दूध, जनावरं, धुलाई, तेलकट पाणी. तिसरं, सलग ढगाळ दिवस. चौथं, आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी गाळाचा ढीग पाण्याजवळ आलेला.

उपाय याच क्रमाने करा. वाढीव भार थांबवा. दोन तळी शेजारी-शेजारी चालवता येत असतील तर पाणी दोघांत वाटून द्या. शेवटच्या तळ्यातलं हिरवं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी पंपाने पहिल्या तळ्याच्या तोंडाशी आणून सोडा. एवढ्याने भागलं नाही तर तात्पुरतं हवा घालणारं यंत्र लावा. ऑक्सिजनच्या जागी जिवाणूंना वापरता येतो म्हणून सोडियम नायट्रेटही देतात, पण त्याचं प्रमाण जाणकार अभियंत्याकडून ठरवून घ्या.

जिथे तळं गोठतं तिथे वासाचा एक ठरलेला मोसम असतो. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं. बर्फ वितळून वरचं पाणी तेवढं तापलं की ते खाली बसतं, तळाचं वर येतं आणि हिवाळाभर साचलेला वास मोकळा होतो. शेवाळ परतलं की तो जातो. वस्तीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तक्रारींऐवजी प्रश्न येतील. अशा ठिकाणी हिवाळ्यात पाणी बाहेर न सोडता साठवतात, त्यामुळे थंडीआधी तळी रिकामी जागा ठेवून तयार असायला हवीत.

सातवी पायरी: नमुने

ऑक्सिजन, पीएच आणि तापमान जागेवरच मोजायचं, बाटलीत नेऊन नाही. बाटलीत शेवाळ आणि जिवाणू काम चालूच ठेवतात, आणि आकडा बदलतो. प्रयोगशाळेसाठीचे नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतूंच्या नमुन्यासाठी निर्जंतुक बाटली वापरा आणि तिच्या तोंडाला बोट लावू नका.

बीओडीचा अहवाल आला की एक प्रश्न जरूर विचारा: पाणी गाळून तपासलं की न गाळता? ही तपासणी 5 दिवस अंधारात होते. अंधारात शेवाळ ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे न गाळलेल्या नमुन्यात जिवंत शेवाळच मैला म्हणून मोजलं जातं. म्हणूनच युरोपीय समुदायाच्या 1991 सालच्या निर्देशात तळ्यांचे नमुने गाळून तपासायची मुभा दिली, आणि तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा 150 मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवली. तुमच्याकडचा नियम काय म्हणतो ते वाचून घ्या.

पाणी शेतीला जात असेल तर जंतू आणि जंतांची अंडी हे दोन आकडे बीओडीहून महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1989च्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी 100 मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 1000 कोलिफॉर्म आणि लिटरमागे जास्तीत जास्त 1 अंडं अशी मर्यादा होती. वरच्या उदाहरणातले 700 त्यात बसतात, एकाच तळ्यातले 1 लाख बसत नाहीत.

आठवी पायरी: गाळ मोजा

हे काम वर्षातून एकदा, दोघांनी, लाइफ जॅकेट घालून, होडीतून करायचं. लांब काठीच्या खालच्या मीटर-दीड मीटरला पांढरा टॉवेल गच्च गुंडाळून बांधा. काठी सरळ उभी, सावकाश तळाला टेकेपर्यंत खाली न्या, थोडं थांबा, आणि तितक्याच सावकाश वर घ्या. गाळ टॉवेलच्या धाग्यांत अडकतो. वर पाणी ओघळून जातं आणि खाली काळा पट्टा राहतो, वरची कडा बहुधा बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट असते. काळ्या पट्ट्याची उंची मोजा, टॉवेल खंगाळा, पुढच्या जागी जा. निदान पंधरा-वीस जागा घ्या. आत येणाऱ्या पाइपाजवळ गाळ सगळ्यात जास्त असतो, फक्त तिथेच मोजलं तर उगाच धसका बसतो.

समजा सरासरी 40 सेंटीमीटर आली. दीड मीटरच्या तळ्यात पाण्याला उरले 110 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या 27 दिवसांचे 20 झाले. फॅकल्टेटिव्ह तळ्याचा गाळ साधारण दहा-वीस वर्षांनी काढावा लागतो, अनएरोबिक तळ्याचा दर काही वर्षांनी, गाळाने एक तृतीयांश जागा घेतली की. काढलेल्या गाळात जंतांची अंडी वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात, त्यामुळे तो ताजा शेतात टाकायचा नाही. गाळ काढायला बराच पैसा लागतो आणि तो एका वर्षात उभा राहत नाही; पण चार वर्षांची मोजणी वहीत असेल तर वेळ कधी येणार ते आधीच दाखवता येतं. म्हणून ज्या जागी काठी घातली त्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच जागी पुन्हा घाला.